पेट्रोलच्या प्लॅटफॉर्मवरची ईव्ही की ईव्ही म्हणूनच घडवलेली?

प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ज्यावर बाकी सगळं बसतं. मी दोन्ही प्रकारच्या ईव्ही, म्हणजे विजेवरच्या गाड्या, वापरल्या आहेत. आधी अडीच वर्षं पेट्रोल गाडीत इंजिनाच्या जागी मोटर बसवलेली, आणि गेल्या वर्षापासून मुळात ईव्ही म्हणूनच घडवलेली.

पहिलीबद्दल वाईट बोलवत नाही. गंगापूर रोड ते अंबड या रोजच्या फेरीत तिने कधी दगा दिला नाही. पत्रा पेट्रोलच्या भावंडाचाच असल्याने बंपर ठोकला तेव्हा नवा दोन दिवसांत मिळाला. कसारा घाट उतरताना बॅटरी थोडी भरून निघायची, पण ते सुख दोन्हींत सारखंच.

मला नडली ती चार्जिंगची केबल. बॉनेटखाली इंजिनाची अर्धी जागा रिकामी, पण तिथे काही ठेवायची सोय नाही. मग केबल डिकीच्या तळाशी, वर सगळ्यांच्या बॅगा. जुलैत इगतपुरीजवळ चार्जिंगला थांबलो की धो धो पावसात बॅगा बाहेर काढायच्या आणि नंतर चिखलाने माखलेली केबल त्यांच्याच शेजारी कोंबायची. एकदा आईची औषधांची पिशवी भिजली. त्या दिवशी माझं मन उठलं.

माझं काम इंजिनाच्या भागांच्या मशीनिंगचं, त्यामुळे जुन्या कंपन्या असं का करतात ते समजतं. नवा प्लॅटफॉर्म म्हणजे नव्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), जोडणीची नवी लाइन. तो खर्च लाखो गाड्यांवर पसरला तरच अंगावर येत नाही. ईव्ही अजून तेवढ्या खपत नाहीत, म्हणून आहे त्यावरच भागवायचं. पण बॅटरीसाठी न आखलेल्या गाडीत वजन आणि जागा दोन्ही वाया जातात, मग तेवढंच अंतर कापायला बॅटरी मोठी लागते, आणि गाडीत सर्वात महाग तीच. इंजिन कंपनीच्या घरीच बनायचं, त्याचा नफाही घरात राहायचा. बॅटरीचे सेल मात्र बहुतेक कंपन्यांना विकतच घ्यावे लागतात. फोर्डच्या ईव्ही विभागाला २०२४ मध्ये ५ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. उलट चीनची बीवायडी १९९५ पासून बॅटऱ्याच बनवत आली, गाड्या नंतर. तिला सेलसाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही.

आपल्याकडे टाटाने पंच ईव्ही आणि महिंद्राने बीई ६ २०२४ साली स्वतंत्र प्लॅटफॉर्मवर आणल्या. अशा गाड्या थोड्या महाग वाटतील, आणि फक्त शहरात फिरणाऱ्याला फरक जाणवणारही नाही कदाचित. पण महिन्यातून दोनदा मुंबई होत असेल, तर मी तरी ईव्ही म्हणूनच घडवलेल्या गाडीकडे बोट दाखवीन. माझ्या आताच्या गाडीत बॉनेटखाली छोटी डिकी आहे, केबल तिथेच राहते. सगळ्याच नव्या गाड्यांत ती नसते, म्हणून शोरूममध्ये गेलात की आधी बॉनेट उघडायला लावा.