मीटरवर ४,८६,००० मैल, टायटलवर ‘एक्झेम्प्ट’

अमेरिकेत जुना सेमी ट्रक (मालाचा ट्रेलर ओढणारा) घेऊन ओनर-ऑपरेटर, म्हणजे स्वतःच्या ट्रकचा मालक-चालक, होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला या बाजारात मैल मागे फिरवले जातात हे ठाऊक असते. मलाही ते ठाऊक होते, तरी मी फसलो; पण मी केवळ डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबलो नव्हतो, हे ‘जरा चौकशी करायची होती’ असे सुनावणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे. मी इंजिनाच्या संगणकाचा, म्हणजे ईसीएमचा, छापील अहवाल मागून घेतला आणि त्यातही मीटरइतकेच ४,८६,००० मैल होते. ट्रक २०१६ च्या मॉडेलचा, स्लीपर केबिनचा, १५ लिटरच्या इंजिनाचा. किंमत ३८,५०० डॉलर. त्यापैकी १२,००० डॉलर मी साठवणीतून भरले आणि उरलेल्या २६,५०० डॉलरचे ३६ महिन्यांचे कर्ज घेतले, ज्याचा हप्ता ९५८ डॉलर आहे.

ते ईसीएम त्या ट्रकचे नव्हतेच. भंगारात गेलेल्या, कमी चाललेल्या ट्रकमधून ते काढले होते, त्यात माझ्या ट्रकचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) भरला होता आणि वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, नसतानाही इशाऱ्याचा दिवा लागू नये अशी प्रणाली चढवली होती. मीटर आणि अहवाल एकमेकांशी जुळत होते, कारण दोघांना एकाच हाताने जुळवले होते. व्हीआयएन बदलताना त्या हाताकडून इंजिनाचा अनुक्रमांक मात्र तसाच राहून गेला. अहवालावरचा क्रमांक आणि इंजिनाच्या ब्लॉकवरील पट्टीवरचा क्रमांक वेगवेगळे आहेत. ती पट्टी तेल आणि धुळीच्या थराखाली होती. चिंधीने पुसा, फोटो काढा आणि दोन्ही क्रमांक अंकाला अंक लावून पाहा.

पण मला खरा जाळतो तो एपीयूचा तास-मीटर. मुख्य इंजिन बंद ठेवून रात्री केबिन गार किंवा उबदार ठेवणाऱ्या या छोट्या डिझेल यंत्राला स्वतःचा वेगळा तास-मीटर असतो आणि तो फिरवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. एसी चालतो की नाही हे पाहण्यासाठी मी एपीयू सुरू केला, तेव्हा त्यावर १४,२०० तास होते. रात्रीचे आठ तास धरले तर हे पावणेअठराशे रात्री होतात, म्हणजे वर्षाला अडीचशे रात्री रस्त्यावर काढणाऱ्या चालकाची सात वर्षे. हा ट्रक मी २०२३ मध्ये घेतला, म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून तो अखंड लांब पल्ल्यावर होता. आणि असा ट्रक सात वर्षांत ४,८६,००० मैलांवर थांबत नाही. हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला आणि विक्रेत्याला विचारलाही. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की एपीयू दुसऱ्या ट्रकवरून काढून बसवला आहे. असे एपीयू खरोखरच एका ट्रकवरून दुसऱ्यावर जातात. ज्याने या धंद्यात वर्षे काढली आहेत त्याला हे उत्तर खोटे वाटण्याचे काही कारण नव्हते. तरीही तो आकडा आजही मला झोपू देत नाही. उत्तर पटण्यासारखे असेल तर त्याची पावती मागा.

मी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचे म्हटले, तर त्याने ‘ग्राहकाची सोय’ म्हणून आदल्याच दिवशी तेल बदलले होते. ताज्या तेलात ना इंजिनाच्या झिजेचे लोखंड सापडते, ना गळून आलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव). त्याला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. विकण्यापूर्वी नुकतेच तेल बदललेला ट्रक दिसला, तर काहीशे मैल चालवून मग नमुना घेऊ द्या, अशी अट घाला; नकार आला तर निघा. काचेवरील वार्षिक तपासणीचा नवा स्टिकरही त्याने कौतुकाने दाखवला. त्या तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे पाहतात. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते कोणी पाहत नाही.

वायोमिंगमध्ये शायेनहून लॅरामीकडे जाताना आय-८० महामार्गाच्या चढावर तेलाचा दाब कोसळला. टोइंगचे १,८५० डॉलर. तेलात कूलंट उतरले होते, बेअरिंग गेली होती आणि इन-फ्रेम ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन ट्रकमध्येच ठेवून आतून नवे करण्याचा, अंदाज २८,४०० डॉलरचा आला. डीपीएफचा डबा आतून पोकळ निघाला, त्यामुळे ती यंत्रणा कायदेशीर केल्याशिवाय गॅरेजने इंजिनाला हात लावायला नकार दिला. त्याचे आणखी ९,३०० डॉलर. ब्लॉकवरच्या क्रमांकावरून डीलरने जुनी वॉरंटी नोंद काढली, तेव्हा मला ट्रक विकला जाण्याच्या आधीच तिच्यात ८,७१,००० मैल होते. ही नोंद खरेदीपूर्वी एका फोनवर मिळू शकते, आणि हे मला कर्ज देणाऱ्या कंपनीनेही सांगितले नाही, जिचे पैसे त्याच ट्रकवर लागणार होते.

त्यानंतर सरकारी दारे. पोलिसांनी तक्रार न लिहिताच हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले. वाहन नोंदणी कार्यालयाने टायटलवरील, म्हणजे मालकीच्या कागदावरील, ‘एक्झेम्प्ट’ (सूट) या शब्दावर बोट ठेवले, कारण १६,००० पौंडांपेक्षा अधिक क्षमतेच्या वाहनाचे मैल विक्रीच्या वेळी जाहीर करण्याचे बंधन केंद्रीय नियमांत नाही. जुन्या मोटारीच्या काचेवर माहितीपत्रक लावायला भाग पाडणारा फेडरल ट्रेड कमिशनचा नियमही ८,५०० पौंडांखालच्या वाहनांपुरता आहे. म्हणजे शाळेत मुलांना सोडायची मोटार घेणाऱ्याला जे संरक्षण आहे, ते आयुष्याची पुंजी लावून ८०,००० पौंड ओढणारा ट्रक घेणाऱ्याला नाही! राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाने कळवले की मी एलएलसीच्या, म्हणजे माझ्या कंपनीच्या, नावे खरेदी केल्यामुळे मी ग्राहकच नाही. ट्रकवाहतुकीच्या सुरक्षेसाठी असलेल्या केंद्रीय यंत्रणेचे म्हणणे असे की ती वाहतूकदार आणि चालक पाहते, विक्रेते नाही. या ट्रकमध्ये कोणाला रस असेलच, तर तो उत्सर्जन तपासणाऱ्यांना, आणि तोही मला दंड करण्यापुरता, कारण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात डीपीएफ काढलेला ट्रक रस्त्यावर सापडला तर आधी धरतात तो चालवणाऱ्याला. हेवी व्हेइकल यूज टॅक्सचे, म्हणजे जड वाहनांवरील कराचे, ५५० डॉलर मात्र माझ्याकडून वेळेवर घेतले गेले, कारण त्या कराच्या २२९० फॉर्मच्या शिक्क्याशिवाय नोंदणीच होत नाही.

हप्ता चालूच आहे. छोट्या दाव्यांच्या न्यायालयाची मर्यादा माझ्या नुकसानीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, आणि वकिलाने सुरुवातीलाच ५,००० डॉलर मागितले. त्याने दिलेली एकच उपयोगाची माहिती अशी की बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) ‘ॲज इज’, म्हणजे ‘आहे त्या स्थितीत’, लिहिलेले असले तरी जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला त्याने आपोआप माफी मिळत नाही, मात्र ती माहिती लेखी हवी. माझ्याकडे विक्रेत्याचा ‘मूळ मैल, इंजिन कधी उघडलेले नाही’ असा संदेश आहे आणि दावा त्यावरच उभा राहणार आहे. तुम्ही मैलांचा आकडा आणि इंजिनाचा अनुक्रमांक, दोन्ही बिल ऑफ सेलवर त्याच्या सहीसह लिहून घ्या, आणि तेही डाउन पेमेंट हातातून सुटण्यापूर्वी.