लायसन्स संपत असल्याची भीती घालून विकलेले फर्मवेअर

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील काही गावांत वायरलेस इंटरनेट पुरविणाऱ्या लहान व्यावसायिकांना गेल्या पावसाळ्यापासून एका इसमाचे फोन येत आहेत. राउटर बनविणाऱ्या कंपनीचा नागपूर विभागाचा अधिकृत सेवा प्रतिनिधी अशी तो स्वतःची ओळख करून देतो आणि तुमच्या यंत्राचे लायसन्स लवकरच संपणार असून नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला मूळ प्रोग्राम, न टाकल्यास यंत्र आपोआप लॉक होईल, असे सांगतो. आम्ही त्याच्याकडून ते फर्मवेअर विकत घेतले. त्यापायी पैसे तर गेलेच, पण पीक विम्याचे अर्ज भरण्याच्या ऐन गर्दीत आमच्या गावांचे नेट विस्कळीत झाले आणि ग्राहकांची लॉगइनची माहिती परक्याच्या हाती लागली. हाच इसम अजूनही फोन करीत असल्याचे समजल्यामुळे झालेला प्रकार तपशिलाने मांडत आहे.

आमची व्यवस्था या भागातल्या इतर चालकांसारखीच आहे. तालुक्याच्या ठिकाणी फायबरने येणारी बँडविड्थ आम्ही एका परवानाधारक कंपनीकडून घेतो आणि गच्चीवरच्या टॉवरवरून ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओंनी आसपासच्या गावांत पोहोचवितो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये हे पट्टे घराबाहेरील वापरासाठीही मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त केले, तेव्हापासून आमच्यासारख्यांना हा व्यवसाय उभा करणे सोपे झाले. टॉवरखालच्या खोलीत मायक्रोटिक कंपनीचा एक राउटर नेटवर्क ॲक्सेस सर्व्हरचे काम करतो. प्रत्येक ग्राहकाचे पीपीपीओई लॉगइन, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन जोडले जाणे, त्याच्याकडे येते, तो ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेडियस सर्व्हरला विचारून ग्राहकाची ओळख, रिचार्जची मुदत आणि वेग तपासतो आणि मगच त्याला आत घेतो. डायल-अपच्या काळात टेलिफोन लाइन आणि मोडेमच्या मागे बसलेले यंत्र हेच काम करीत असे. या एका यंत्रात जो शिरला, तो आमच्या सगळ्या गावांत शिरला, हे पुढचे वाचताना लक्षात असावे.

पहिला फोन आला तेव्हा पावसाची झड लागली होती आणि गावांतली सेशन, म्हणजे ग्राहकांच्या चालू जोडण्या, वारंवार तुटत होती. त्या इसमाने सुरुवातीलाच आमच्या राउटरचे मॉडेल सांगितले, त्यात कोणते व्हर्जन चालू आहे ते सांगितले आणि यंत्र किती दिवसांपासून रीबूट झालेले नाही, हेही सांगितले. ‘हे सर्व आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर दिसते,’ असे तो म्हणाला. एवढी बारीक माहिती बाहेरच्या माणसाला कशी असेल, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि म्हणूनच त्याचे उत्तर इथे देतो. राउटरचे वेब पान बाहेरून उघडत असेल, तर लॉगइनच्या आधीच त्यावर व्हर्जनचा आकडा छापलेला दिसतो. वापराचे आलेख काढण्यासाठी एसएनएमपी, म्हणजे यंत्राची माहिती दुरून विचारण्याची सोय, चालू ठेवलेले असेल आणि त्याचा परवलीचा शब्द ‘पब्लिक’ असाच असेल, तर यंत्राचे नाव, मॉडेल आणि ते किती वेळ सलग चालू आहे, हे जगातल्या कोणालाही विचारता येते. मोबाइल नंबर तर प्रत्येक गावातल्या पोलवरच्या पेटीवर लिहिलेला असतो. ही माहिती मिळविण्यासाठी कंपनीशी संबंध असण्याची मुळीच गरज नाही.

माझे भागीदार वयाने मोठे आहेत आणि पूर्वी नागपूरला एका खासगी इंटरनेट कंपनीच्या डायल-अप नोडवर त्यांनी काम केलेले आहे. खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८ च्या अखेरीस मिळाली. त्याच वर्षी ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमच्या दोन परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या, म्हणजे एक्स-टू आणि के-५६ फ्लेक्स यांच्या जागी व्ही.९० हे समान मानक आले. ग्राहकाचा मोडेम एका पद्धतीचा आणि सर्व्हरचा दुसऱ्या पद्धतीचा असला, की जोडणी ३३.६ किलोबिटवर किंवा त्याहून खाली उतरायची. रात्री ग्राहक कमी झाले की ई-वन लाइनच्या तीस वाहिन्यांपैकी थोड्याथोड्या रिकाम्या करून मोडेम कार्डांत नवे फर्मवेअर भरावे लागे, आणि दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ३१२०० च्या जागी ४४०००, ४८००० असे आकडे दिसू लागत. यंत्र तेच, तार तीच, आणि केवळ आतला प्रोग्राम बदलल्याने जोडणी सुधारते, हे त्यांनी स्वतः पाहिलेले होते. त्यामुळे नव्या फर्मवेअरने सेशन तुटणे थांबेल, हे त्या इसमाचे बोलणे त्यांना निराधार वाटले नाही. फर्मवेअरची मर्यादाही त्यांना ठाऊक होती. व्ही.९० चा वेग मिळण्यासाठी सर्व्हरपासून ग्राहकाच्या एक्स्चेंजपर्यंतचा मार्ग पूर्णपणे डिजिटल असावा लागे आणि वाटेत एक जरी जादा ॲनालॉग रूपांतर आले, तरी कोणतेही फर्मवेअर ३३.६ च्या वर नेऊ शकत नसे. आजही पावसाळ्यात वाढलेली कडुनिंबाची फांदी रेडिओच्या आड आली, तर ती छाटण्याशिवाय दुसरा उपाय नसतो. त्या इसमाने मात्र वेगाचा मुद्दा पुढे रेटलाच नाही. त्याचा सगळा भर लायसन्स संपण्यावर आणि यंत्र लॉक होण्यावर होता. लाभाचे आमिष माणूस तपासून पाहतो, पण ऐन हंगामात सेवा बंद पडण्याची धास्ती घातली की तपासायला वेळच उरत नाही, हे त्याला पक्के माहीत असावे.

प्रत्येक उपकरणामागे २,५०० रुपये असा दर त्याने सांगितला. पैसे यूपीआयने एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर घेतले आणि जीएसटीचे बिल मागाहून मेलवर येईल असे सांगितले. त्यानंतर त्याने दोन फाइल पाठविल्या. एक एनपीके प्रकारची, म्हणजे राउटरओएस या मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीचे मूळ पॅकेज, आणि दुसरी ‘सिक्युरिटी पॅच’ असे नाव दिलेली आरएससी प्रकारची स्क्रिप्ट, म्हणजे राउटरला द्यायच्या आज्ञांची यादी. संगणकाचा पडदा दूरवरून हाताळण्याचे ॲप सुरू करायला लावून पुढचे काम त्याने स्वतःच केले. राउटर हाताळण्याच्या विनबॉक्स या प्रोग्राममध्ये पॅकेजेसची खिडकी उघडून त्याने डाउनग्रेडचे बटण दाबले, तेव्हा भागीदारांनी त्याला थांबवून विचारले, ‘साहेब, अपडेट टाकायचं आहे ना, मग हे डाउनग्रेड कशाला?’ त्यावर ‘आधी बेस व्हर्जन बसवावे लागते, त्यावर पॅच चढतो’ असे उत्तर मिळाले. राउटर परत सुरू झाल्यावर त्याने ती स्क्रिप्ट चालविली आणि तेवढ्याच सफाईने टॉवरवरच्या रेडिओंवरही हेच केले.

पुढचे काही दिवस सर्व सुरळीत वाटले. नंतर रात्रीच्या वेळी अपलोड विनाकारण भरलेला दिसू लागला. मग बँडविड्थ देणाऱ्या कंपनीचा मेल आला, की तुमच्या आयपीवरून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लॉगइनचे संशयास्पद प्रयत्न होत आहेत, ते थांबवा अन्यथा लिंक बंद करावी लागेल. त्याच सुमारास एका गावातल्या सेवा केंद्राच्या ताईंचा फोन आला. ‘दादा, विम्याचं पोर्टल उघडलं का भलतंच पान येते जी. मोबाइलच्या नेटवर बराबर येते, तुमच्याच नेटवर येत नाही,’ असे त्या सांगत होत्या. त्यांच्या ओसरीत सातबारा आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून शेतकरी ताटकळत उभे होते, आणि ब्राउझर हे पान सुरक्षित नसल्याचा इशारा देत होता. त्या ताईंनी तो इशारा डावलून पुढे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक भरले नाहीत, ही फार मोठी गोष्ट झाली.

त्यानंतर लगेचच त्या इसमाचा पुन्हा फोन आला. तुमच्या यंत्रात व्हायरस शिरल्याचे आम्हाला इथून दिसत आहे, कायमचा बंदोबस्त करायचा असेल तर १८,००० रुपये लागतील, असे तो म्हणाला. आम्ही कोणाकडेही तक्रार केलेली नसताना त्याला हे कळले, यातच सर्व उलगडा होता. भागीदारांनी आधीच्या पैशांचे बिल आणि कंपनीच्या मेल पत्त्यावरून लेखी निरोप मागितला, तेव्हा त्याने फोन ठेवला, आणि तो नंबर नंतर लागलाच नाही. त्याने कामाची जी पद्धत बसविली आहे, ती मला सर्वांत संतापजनक वाटते. दुखणे स्वतःच लावून द्यायचे आणि औषधाचे पैसे दुसऱ्यांदा वसूल करायचे, यासाठी त्याने लहान गावांतले चालक निवडले आहेत, कारण त्यांच्याजवळ स्वतंत्र तंत्रज्ञ नसतो.

राउटर उघडून पाहिल्यावर जे आढळले ते इतरांना पडताळता यावे म्हणून सांगतो. वापरकर्त्यांच्या यादीत ‘सपोर्ट’ नावाचा पूर्ण अधिकार असलेला एक जादा वापरकर्ता होता. ठरल्या वेळी कामे आपोआप चालविणाऱ्या शेड्युलरमध्ये ‘अपडेट’ अशा साध्या नावाची नोंद होती, जी ठरावीक अंतराने एका अनोळखी पत्त्यावरून फाइल आणून चालवीत होती. सॉक्स प्रॉक्सी चालू केलेली होती, म्हणजे बाहेरचे कोणीही आमच्या आयपीच्या आड राहून आपला कारभार करू शकत होते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता बदललेला होता, त्यामुळेच पोर्टलच्या जागी भलतेच पान येत होते. फायरवॉलच्या अगदी वरच्या ओळीत या सर्वांना वाट मोकळी करून देणारा नियम घातलेला होता.

एनपीके फाइल मात्र बनावट नव्हती. या पॅकेजवर कंपनीची डिजिटल सही असते आणि त्यात फेरफार केलेली फाइल राउटर स्वीकारत नाही. ती फक्त जुनी होती, एप्रिल २०१८ च्या आधीची. राउटरओएसमध्ये त्या वर्षी विनबॉक्सच्या सेवेत असा एक दोष सापडला होता, की लॉगइन न करताही बाहेरच्याला वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड असलेली फाइल वाचता येत असे. कंपनीने ६.४२.१ या आवृत्तीत तो लगेच दुरुस्त केला, पण ज्यांनी अपडेट केले नाही अशी जगभरातली लाखो यंत्रे त्याच वर्षी चोरट्यांच्या ताब्यात गेली आणि त्यांतील अनेकांचा वापर ग्राहकांच्या संगणकांवर चोरून क्रिप्टो चलन काढण्यासाठी झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये मेरिस नावाच्या बॉटनेटने, म्हणजे चोरट्यांच्या ताब्यातल्या यंत्रांच्या जाळ्याने, मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले, तेव्हाही कंपनीने स्पष्ट केले की त्यातली यंत्रे मुख्यतः २०१८ मध्येच हाती गेलेली होती. मालकांनी नंतर अपडेट केले, पण पासवर्ड बदलला नाही. आमच्या यंत्रात हा दोष नव्हता. त्या इसमाने जुनी आवृत्ती बसवून तो परत आणला, आणि वर पैसे घेतले.

आता लायसन्सविषयी. मायक्रोटिकच्या उपकरणासोबत येणारे लायसन्स मुदतीचे नसते. त्याला पातळ्या असतात. चौथ्या पातळीत एकाच वेळी २०० आणि पाचव्या पातळीत ५०० पीपीपीओई सेशन चालतात, आणि ग्राहक वाढल्यास वरची पातळी एकदाच विकत घ्यावी लागते. फर्मवेअरचे अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि राउटरमधूनही थेट घेता येतात. काही मोठ्या कंपन्या अपडेटसाठी वार्षिक सेवा करार मागतात हे खरे आहे, आणि डायल-अपच्या सर्व्हरबाबतही तशी पद्धत होती, परंतु तेथेही डाउनलोड कंपनीच्याच संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने लॉगइन करून होते. व्हॉट्सॲपवर किंवा ड्राइव्हच्या लिंकवर आलेल्या फाइलचा त्यात कोठेही संबंध येत नाही. फाइल दुसऱ्याकडून घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर कंपनीच्या पानावर दिलेली एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी अक्षर-अंकांची ओळ, आणि विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलची काढलेली बेरीज अक्षरशः जुळते का, ते पाहावे, आणि बेरीज जुळली तरी व्हर्जनचा आकडा जुना नाही ना, याचीही खात्री करावी. अधिकृत विक्रेत्यांची देशवार यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते. जीएसटी क्रमांक सांगितला गेला, तर तो सरकारी पोर्टलवर कोणालाही विनामूल्य तपासता येतो.

ज्यांच्या यंत्रात हे आधीच बसविले गेले आहे, त्यांनी फक्त नवे व्हर्जन चढवून समाधान मानू नये, कारण जादा वापरकर्ता आणि शेड्युलरची नोंद अपडेटनंतरही तशीच राहते. मायक्रोटिकच्या नेटइन्स्टॉल या प्रोग्रामने यंत्र पूर्ण पुसून नव्याने बसवावे. जुनी बॅकअप फाइल परत टाकल्यास तिच्याबरोबर चोरदरवाजाही परत येतो. त्याऐवजी मजकुराच्या रूपातला एक्स्पोर्ट घेऊन तो ओळीओळीने वाचावा आणि हवे तेवढेच नव्याने भरावे. राउटरचा पासवर्ड, रेडियसचा सामाईक परवलीचा शब्द आणि ग्राहकांचे पीपीपीओई पासवर्ड हे तिन्ही बदलावेत. शेवटचे काम कंटाळवाणे आहे, गावोगाव फिरून करावे लागते, तरीही ते टाळण्यासारखे नाही. विनबॉक्स आणि वेब पान बाहेरून बंद करून फक्त आपल्या पत्त्यांनाच खुले ठेवावे.

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराच्या क्रमांकासह तक्रार करावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तिची नोंद करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याच्या आत गोठविली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. तोतयेगिरी करून केलेल्या अशा फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते. इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी असा शिरकाव लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळविणे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, म्हणून बँडविड्थ देणाऱ्या कंपनीलाही त्याच वेळी लेखी कळवावे. आमच्या तक्रारीचा तपास चालू आहे आणि रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. तपास अधिकाऱ्यांनी मूळ फाइल, तिची लिंक, शेड्युलरच्या नोंदीचे छायाचित्र आणि संभाषणाचे रेकॉर्डिंग मागितले. नेटइन्स्टॉल केल्यावर यंत्रातला पुरावा नाहीसा होतो, त्यामुळे यंत्र पुसण्यापूर्वी एक्स्पोर्ट, सपआउट फाइल (यंत्राच्या स्थितीचा अहवाल) आणि लॉग पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. त्या इसमाने पाठविलेल्या फाइल ज्यांच्याजवळ अजून आहेत, त्यांनी त्या उघडू नयेत, पण पुसूनही टाकू नयेत. एकाच खात्यावर पैसे गेलेल्या अनेकांच्या तक्रारी एकत्र आल्या, तर तपासाला बळ मिळेल.