नागपूरच्या धंतोलीतलं कामगार वकिलांचं ऑफिस, ज्याला नोकरीवरून तोंडी काढलं त्यानं नक्की जावं

माझा लहान भाऊ हिंगणा एमआयडीसीत एका युनिटमध्ये ऑपरेटर. 2023 मध्ये ओव्हरटाइमवरून सुपरवायझरशी वाजलं, दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन म्हणे तुझं नाव कटलं, आत नको जाऊ. हातात कागद काहीच नाही आन् एचआरला फोन केला तर मॅडम म्हणून राहिल्या की आम्ही कुठं काढलं, तोच येऊन नाही राहिला! आता बोला.

ओळखीच्या एका भाऊंनी या ऑफिसात पाठवलं. वकीलसाहेबांनी फीचं नंतर, पहिले विचारलं गेटवरून परत पाठवल्याचा पुरावा काय. कारण मालकानं नाही म्हटलं की काढलं हे दाखवायची जबाबदारी कामगारावरच येते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच दिवशी साध्या मराठीत पत्र बनवून दिलं, अमुक तारखेला ड्युटीवर आलो, गेटवर अडवलं, मी आजही कामावर यायला तयार आहे. ते पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं कंपनीला, कॉपी कामगार आयुक्तांच्या ऑफिसला. मग पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडायला लावली तर तिथं कंपनीनं नोकरी संपल्याची तारीख टाकून ठेवलेली! म्हणजे तोंडानं म्हणायचं काढलंच नाही आन् तिकडे नोकरी संपल्याची नोंद. खूप चीड आली.

सुप्रीम कोर्टाचा 1993 चा डी. के. यादव निकालही त्यांनी समजावला, त्यातही कामगार म्हणे गेटवर अडवलं, कंपनी म्हणे आठ दिवसांच्या वर गैरहजर म्हणून नाव आपोआप गेलं, कोर्टानं सांगितलं चौकशी न करता असं नाव कापता येत नाही आणि अर्ध्या मागच्या पगारासह (म्हणजे बाहेर बसवलेल्या काळाच्या पगारासह) परत घ्यायला लावलं.

मग कामगार आयुक्तांच्या ऑफिसात समेटाच्या तारखेला कंपनी म्हणाली येऊ द्या कामावर. भाऊ रागात नाही म्हणणार होता, साहेबांनी थांबवलं, म्हणे नाही म्हटलं तर तूच सोडून गेला असं होईल, मागच्या पगाराचा हक्क राखून लिहून घे आन् उद्या सकाळी गेटवर हजर हो. हा सल्ला लाखाचा होता. आज भाऊ कामावर आहे, मागच्या पगाराची केस चालू आहे.

एक स्टार कापला कारण ज्युनिअर फोन उचलत नाही आणि बसायला जागा कमी, म्हातारी माणसं जिन्यात उभी असतात हे बरं नाही. नोव्हेंबर 2025 पासून नवीन कोड (औद्योगिक संबंध संहिता, कामगार-मालक वादाचा नवा कायदा) लागू झाला आहे म्हणून केस टाकायची मुदत किती ते त्यांनाच विचारा, पण उशीर करू नका बाप्पा. शनिवारी गर्दी असते. जाताना अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, गेटपास आणि सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज न डिलीट करता घेऊन जा.