बी६५० बोर्ड आणि ६०००ची रॅम, आठ महिने वापरून झाल्यावर

एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर घेतला तेव्हाच ठरवलेलं की थोडंफार ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे ठरलेल्या स्पीडच्या वर चालवायचं, पण वॉटर कूलिंग आणि रात्र रात्र व्होल्टेज चाळत बसणं नको. साधा टॉवर एअर कूलर लावायचा, एकदा नीट सेट करायचं आणि मग कामाला लागायचं. आठ महिने झाले, मशीन रोज दहा-बारा तास चालतंय, व्हिडिओ एडिटिंग आणि कोड कंपाइल दोन्ही होतं त्यावर, त्यामुळे आता बोर्ड आणि रॅमबद्दल खात्रीने लिहू शकतो.

आधी मदरबोर्ड. एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, ए६२० चिपसेट (बोर्डवरची मुख्य जोडणी सांभाळणारी चिप) स्वस्त दिसतो पण त्यावर सीपीयू ओव्हरक्लॉक करता येत नाही, रॅमचा स्पीड तेवढा वाढवता येतो. बी६५० वर दोन्ही होतं. एक्स६७० बघत होतो मीपण, मग कळलं की त्यात तीच चिप दोनदा बसवलेली असते, म्हणजे यूएसबी आणि कार्ड-एसएसडीसाठीच्या लेन जास्त मिळतात, ओव्हरक्लॉक काही जास्त होत नाही. मला एवढे पोर्ट लागतच नाहीत. इंटेल घेणाऱ्यांनी तर अजून नीट बघा, तिकडे मल्टिप्लायर (सीपीयूचा क्लॉक ठरवणारा गुणक) हलवायचा असेल तर के वाला प्रोसेसर आणि झेड चिपसेट दोन्ही पाहिजेत, बी७६० वर फक्त रॅमचा स्पीड वाढतो.

माझा बोर्ड मायक्रो एटीएक्स आहे, चार रॅम स्लॉटवाला, बी६५० मधला मधल्या रेंजचा. व्हीआरएम, म्हणजे सीपीयूला व्होल्टेज पुरवणारा बोर्डचा भाग, त्याच्या फेज (समांतर शाखा) किती यावर लोक खूप भांडतात पण ७६०० ला डिफॉल्टला ८८ वॉटच्या वर जाऊच देत नाहीत, आणि मी पीबीओ (बूस्ट आणि पॉवरची मर्यादा वाढवणारं एएमडीचं सेटिंग) चालू करूनसुद्धा तो काही राक्षस होत नाही, सहा कोअरचाच आहे शेवटी. फेज मोजण्यापेक्षा व्हीआरएमवर दोन्ही बाजूंना खरा जाड हीटसिंक आहे का ते बघा, नुसतं प्लास्टिकचं झाकण नको. अर्धा तास रेंडर चालवून माझ्याकडे व्हीआरएम साठ अंशांच्या आसपास राहिलं, मला तेवढं भरपूर झालं.

त्यापेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत ज्या बॉक्सवर बारीक अक्षरात असतात. बायोस फ्लॅशबॅकचं बटण (मशीन बूट न होताही बायोस, म्हणजे बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, टाकता येतं), बूट कुठे अडलं ते दाखवणारे चार डिबग एलईडी आणि सीमॉस क्लिअर करायची, म्हणजे बायोसची सेटिंग पुसायची, सोपी सोय. या असल्याशिवाय ओव्हरक्लॉकसाठी बोर्ड घेऊच नका. माझंच सांगतो. पहिल्यांदा पॉवर दिली तर स्क्रीन काळी, रॅमचा एलईडी पेटलेला, काहीच होईना. दोनदा बंद करून चालू केलं, रॅम काढून परत बसवली, वाटलं स्टिक खराब आली. तिसऱ्यांदा एलईडीकडे बघत शांत बसून राहिलो तर सहा-सात मिनिटांनी आपोआप बायोस उघडला. डीडीआर५ पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी टायमिंग जुळवून घेतो, आणि मध्येच पॉवर तोडली की परत पहिल्यापासून सुरू. नवीन मशीन जोडलं असेल तर पंधरा मिनिटं हात लावू नका, मॅन्युअलमध्ये हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे होतं.

दुसरा त्रास म्हणजे सोबत आलेला बायोस जुना होता, एक्सपो (रॅमला तिच्या लिहिलेल्या स्पीडवर नेणारं तयार प्रोफाइल) चालू केलं की दिवसाआड एकदा मशीन रीस्टार्ट व्हायचं. नवीन बायोस टाकल्यावर एकदाही नाही झालं. तसाही जुना बायोस ठेवू नकाच, कारण २०२३ मध्ये एक्सपो चालू केलेल्या मशीनवर काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना झाल्या होत्या आणि त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती नवीन बायोसमध्येच आहे. मी तर हाताने १.२ वर ठेवलंय, ६००० ला तेवढं पुरतं माझ्या चिपला.

आता रॅम, इथे मात्र घाई करू नका. रायझन ७००० चा रॅमसाठीचा अधिकृत स्पीड ५२०० आहे. ६००० ला मेमरी आणि तिचा कंट्रोलर दोघं ३००० मेगाहर्ट्झवर एकास एक चालतात (डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून निम्मा आकडा) आणि बहुतेक चिप तिथपर्यंत निवांत जातात. त्याच्या बऱ्याच वर गेलात तर बोर्ड कंट्रोलरला अर्ध्या स्पीडवर टाकतो, मग आकडा मोठा दिसतो पण लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, वाढते. म्हणून ७२०० लिहिलेलं किट बघून भुलू नका या प्लॅटफॉर्मवर.

आणि नुसता स्पीड नका बघू, सीएल बघा, म्हणजे मागितलेला डेटा यायला रॅमला किती ठोके लागतात तो आकडा. हिशोब सोपा आहे, सीएल गुणिले २००० आणि भागिले स्पीड. ६०००ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६०००लाच सीएल३६ म्हणजे १२, आणि ६४०० सीएल४० म्हणजे १२.५, म्हणजे आकड्याने मोठी असून हळू. मी ६०००, टायमिंग ३०-३६-३६-७६ (पहिला आकडा सीएल) घेतली, १६ जीबीच्या दोन स्टिक, १.३५ व्होल्ट. पहिला आकडा ३० असला तरी पुढचे दोन ३६ आहेत की ४० हेही बघा, त्यावरून चिप किती चांगली ते कळतं. माझ्यात एसके हायनिक्सच्या चिपा आहेत आणि पैसे वसूल झाले असं मनापासून सांगतो.

दोनच स्टिक घ्या हे कितीदा सांगितलं तरी कमीच. चार स्लॉट दिसले की भरावेसे वाटतात पण चार स्टिक लावल्यावर एएमडीचा अधिकृत स्पीड थेट ३६०० वर येतो. माझ्या एका मित्राने सेम मॉडेलची दोन किट घेतली, चारही लावल्या, एक्सपो चालूच होईना, शेवटी ४८०० वर चालवतोय. ३२ जीबी कमी पडणार असेल तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्या. आणि ८ च्या दोन पण नको, त्यात कमी चिपा असतात, बँक ग्रुप (चिपमधले एकाच वेळी काम करणारे गट) अर्धे, त्यामुळे त्याच स्पीडलाही मागे पडतात. दोन स्टिक सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. अजून एक, उंच लाइटवाल्या स्टिक टॉवर कूलरच्या पंख्याला अडतात, मी बुटक्या हीटस्प्रेडरच्या घेतल्या.

ओव्हरक्लॉकमध्ये केलं एवढंच की एक्सपो चालू, पीबीओ चालू, बूस्ट २०० ने वाढवला म्हणजे ५.१ चं ५.३ गिगाहर्ट्झ, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (त्याच क्लॉकला व्होल्टेज कमी करणारं सेटिंग, उणे आकडा जितका मोठा तितकं कमी). यात मी फसलो होतो. उणे ३० टाकलं, रात्रभर सगळ्या कोअरवर प्राइम९५ (सीपीयूवर ताण देणारी टेस्ट) चाललं, सकाळी खूश, आणि दुपारी ब्राउझरमध्ये नुसता वाचत असताना मशीन रीस्टार्ट. कारण जड कामात कोअर तेवढे वर जातच नाहीत, हलक्या कामात एखादा कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. मग एकेक कोअर वेगळा तपासला, दोन कोअर कमजोर निघाले, ते उणे १० वर आणि बाकीचे उणे २० वर ठेवले. तेव्हापासून एकही क्रॅश नाही.

रॅमच्या बाकीच्या बारीक टायमिंगमध्ये फक्त टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवलं, त्यातच सगळ्यात जास्त फरक पडतो, पण ते उष्णतेला फार नाजूक असतं. मी ६५५३५ केलं तेव्हा मेमटेस्ट (रॅम तपासणारी टेस्ट) स्वच्छ पास झाला आणि गेम तासभर खेळल्यावर बंद पडला, कारण ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट स्टिकवर, तापमान ५८. आता ३२७६८ वर आहे आणि केसला पुढून एक पंखा जास्त लावलाय, पन्नासच्या खाली राहतं.

बोर्डाबद्दल तक्रारी आहेत. पंख्यांचे हेडर कमी आहेत, ग्राफिक्स कार्डाची कडी कार्डाखालीच दबते, काढायला बोट जात नाही. आणि बूट व्हायला आधी चाळीस सेकंद लागायचे, दर वेळी ट्रेनिंग. मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधीच्या ट्रेनिंगचा निकाल परत वापरणारं सेटिंग) चालू केल्यावर पंधरावर आलं, पण त्याच्यासोबत रॅमचं पॉवर डाउन हे सेटिंगही चालू ठेवा, ते बंद होतं तेव्हा मला निळी स्क्रीन दोनदा आली.

गेल्या आठवड्यात अजून एक बायोस आलाय. टाकणार आहे, पण आधी सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढून ठेवलेत, कारण माझ्याकडे दर अपडेटनंतर एक्सपो, कर्व्ह, व्होल्टेज सगळं डिफॉल्टला जातं आणि सेव्ह केलेलं प्रोफाइलही नवीन बायोस घेत नाही.