कंपनीची टीम: आइंडहोवनच्या फिलिप्स स्टेडियमची फेरी

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या स्टेशनातून बाहेर पडलात की चार पावलं पुढे जाऊन मागे वळून बघा. 1956 सालची ती इमारत थेट जुन्या फिलिप्स रेडिओसारखी दिसते. इथले लोक तर तसंच सांगतात. लालबागच्या आमच्या खोलीत फळीवर असाच रेडिओ असायचा, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. स्टेशनसमोर फिलिप्स कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, आंतोन फिलिप्सचा पुतळा आहे, आणि तिथून पंधरा मिनिटं चाललं की फिलिप्स स्टेडियम, पीएसव्ही या फुटबॉल क्लबचं घर. मुलीकडे दोन महिने राहायला आलो होतो, सीझन संपला होता, मॅच मिळणार नव्हती. म्हणून स्टेडियमची टूर घेतली. सोबत आठ वर्षांचा नातू, ज्याने वाटेतच मला सुधारलं, "आबा, पीएसव्ही नाही म्हणायचं. पे-एस-फे."

मी बँकेत होतो, ऑफिस लीगमध्ये राइट बॅक खेळायचो, आणि शनिवारी कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचो. आमच्या मुंबईत चांगल्या टीम म्हणजे कंपन्यांच्या टीम: महिंद्र, ओर्के मिल्स, एअर इंडिया. खेळाडूला आधी नोकरी, मग जर्सी. त्यामुळे पीएसव्ही म्हणजे 'फिलिप्स स्पोर्ट फेरेनिखिंग', फिलिप्सचं क्रीडा मंडळ, हे कळल्यावर मला एकदम घरचं वाटलं. 31 ऑगस्ट 1913 ही स्थापनेची तारीख. फ्रेंचांच्या तावडीतून देश सुटला त्याला शंभर वर्षं झाली होती, त्या उत्सवाच्या धामधुमीत कंपनीने कामगारांसाठी क्लब काढला. सुरुवातीला खेळणारे सगळे फिलिप्सचेच. बाहेरच्यांना संघात शिरकाव मिळायला 1928 उजाडलं. मैदान मात्र क्लबपेक्षा जुनं. तिथल्या पहिल्या मॅचचा पहिला चेंडू मालकांच्या पाच वर्षांच्या पोराने, फ्रिट्सने, मारला होता.

लाल-पांढऱ्या रंगाची गोष्ट मला फार आवडली. पहिले अध्यक्ष हॉफकेस बैठकीला बसले होते. समोर रासबेरीचं लाल सरबत आणि पांढरी वही. दोन्ही शेजारी शेजारी बरी दिसली, झाले क्लबचे रंग! आमच्या मंडळात टी-शर्टच्या रंगावरून तीन सभा झाल्या होत्या आणि एक जण मंडळ सोडून गेला होता.

टूरमध्ये ड्रेसिंग रूम, पत्रकार परिषदेची खोली, खेळाडू बाहेर येतात ती वाट, डगआउट, असं सगळं दाखवतात. दीड तास सहज जातो. गाइड इंग्रजी छान बोलत होता, विनोद थोडे पाठ केलेले वाटले. जिने बरेच आहेत, गुडघेवाल्यांनी धीराने घ्यावं. ड्रेसिंग रूम मला तरी ड्रेसिंग रूमच वाटली. खरी मजा वर स्टँडमध्ये आहे. साधारण 35 हजारांचं स्टेडियम, खुर्च्या मैदानाच्या अगदी जवळ, आणि रिकामं असूनही ते आपल्या अंगावर येतं.

तिथे गाइडने हात करून एक खुर्ची दाखवली. विभाग डी, रांग 22, खुर्ची 43. चेंडू मारणारा तो पोरगा मोठा झाला, कंपनीचा प्रमुख झाला, शहराचा 'मेनेर फ्रिट्स', म्हणजे फ्रिट्ससाहेब झाला. पण मॅचला संचालकांच्या कक्षात न बसता तो या खुर्चीवर, लोकांमध्ये बसायचा. 2005मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेला. त्याच वर्षी वसंतात संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मिलानला भिडला होता. पहिली मॅच 0-2 हरले, घरी 3-1 जिंकले, आणि शेवटच्या क्षणांत खाल्लेल्या त्या एका गोलामुळे, एकूण 3-3 होऊनही परक्या मैदानावरचा गोल जड धरायच्या तेव्हाच्या नियमाने, बाहेर पडले. मी खुर्चीकडे बघत उभा राहिलो. आमच्या बँकेचे जनरल मॅनेजर फायनलला यायचे तेही सोफा आणवून.

म्युझियममध्ये 1988चा कोपरा आहे, तिथे नातू खिळून राहिला. युरोपियन कप! गुस हिडिंकच्या हाताखालच्या त्या संघाने लीग, डच कप आणि हा कप एकाच वर्षी घेतला. आणि गंमत अशी की उपांत्यपूर्व फेरीपासून त्यांनी एकही मॅच जिंकली नाही. बोर्दोशी दोन बरोबरी, रेआल माद्रिदशी दोन बरोबरी, श्टुटगार्टला बेन्फिकाविरुद्ध 0-0, मग पेनल्टी 6-5. बेन्फिकाच्या वेलोसोची पेनल्टी गोलकीपर फान ब्रॉयकेलेनने अडवली. कोणी म्हणेल नशीब. मी बचावात खेळलेला माणूस, मी म्हणेन पाच मॅचमध्ये दोनच गोल खाल्ले हे आधी बघा. पुढच्याच महिन्यात नेदरलँड्सने युरो स्पर्धा जिंकली, त्या फायनलला सुरुवातीच्या अकरांत इथलेच चार होते. रोमारिओ आणि रोनाल्डो हे दोघे ब्राझीलहून युरोपात पहिल्यांदा आले तेही इथेच, हे मला माहीत असूनही फोटो बघून बरं वाटलं. गावाचा खरा लाडका मात्र विली फान डर कॉयलेन. तीनशेच्या वर लीग गोल या क्लबसाठी. बाहेर त्याचा पुतळा आहे, त्याच्याजवळ फोटो काढून घ्या.

अॅमस्टरडॅमवाले यांना 'बूरेन' म्हणून चिडवतात, म्हणजे शेतकरी, आपल्याकडचं 'गावठी'. यांनी ते चिडवणंच बिल्ल्यासारखं छातीवर लावलं. कार्निव्हलच्या दिवसांत गावाचं नाव 'लाम्पेगाट' असतं, दिव्यांचं भोक! गंमत म्हणजे खुद्द फिलिप्सने आपलं मुख्य कार्यालय नव्वदच्या दशकात अॅमस्टरडॅमला हलवलं. 1982पासून जर्सीवर असलेलं नाव 2016 साली निघालं. मग 2019मध्ये परिसरातल्या पाच कंपन्या-संस्थांनी मिळून जर्सी पुरस्कृत केली, त्यांत फिलिप्स होतीच, आणि जावई काम करतो ती, चिप बनवायची यंत्रं करणारी एएसएमएलही. ती कंपनीही मुळात फिलिप्सच्याच अंगणात 1984 साली जन्मलेली.

या टूरमधून मी एकच गोष्ट डोक्यात घेऊन आलो. 2011 साली क्लबच्या तिजोरीत खडखडाट झाला होता. तेव्हा नगरपालिकेने स्टेडियमखालची आणि सराव मैदानाखालची जमीन जवळपास 5 कोटी युरोंना विकत घेतली आणि क्लबलाच भाड्याने दिली. युरोपियन कमिशनने चौकशी लावली, 2016मध्ये हिरवा कंदील दिला. 2011 वाचलं आणि मी थबकलो. त्याच्या आदल्याच साली आमची महिंद्र युनायटेड बंद झाली होती. 2006ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, कूपरेजची लाल जर्सी. निर्णय कंपनीचा होता, तिला तो अधिकारही होता. पण जमीन घ्यायला कुणी पुढे यावं, तर मुळात जमीनच नव्हती. असो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो जिन्यांचा नाही, बाहेरच्या एका टपरीचा. फ्राइज गार होते, वर मेयोनीजचा डोंगर, आणि नोट घेतली नाही, कार्डच पाहिजे. स्टेडियमच्या पोटातच मोठं सुपरमार्केट आहे, तिथून काहीतरी घ्या.

परतताना रस्त्यापलीकडच्या फिलिप्सडॉर्पमधून चक्कर मारली. कामगारांसाठी बांधलेली विटांची बुटकी घरं, एका खिडकीत लाल-पांढरा झेंडा. नातवाने विचारलं, "आबा, तुमच्या टीमचं स्टेडियम कुठेय?"

"कूपरेजला खेळायचो. तिथे सगळ्यांच्याच मॅच व्हायच्या."

"मग तुमचं स्वतःचं काय होतं?"

"जर्सी. कपाटात आहे अजून. पोटावर बसत नाही."