सायगॉनहून बाईकवर समुद्र: वुंग ताऊ, कान यो की हो त्राम?

व्हिएतनाममधल्या सायगॉनला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचा पहिला महिना घर शोधण्यात जातो, दुसरा रस्ता ओलांडायला शिकण्यात, आणि तिसऱ्या महिन्यात दारात स्कूटर येते. मग एका शुक्रवारी ऑफिसात कोणीतरी विचारतं, "उद्या वुंग ताऊला येणार का?" शहराचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, पण इथली माणसं सायगॉनच म्हणतात. आपल्या कानाला ते सायगाव ऐकू येतं, त्यामुळे फार परकं वाटत नाही.

शनिवार-रविवारात बाईकवर जाऊन येण्यासारखे तीन समुद्र आहेत. कान यो सर्वांत जवळ, वुंग ताऊ शंभरेक किलोमीटरवर, हो त्राम त्याच्याही पुढे, सव्वाशेच्या आसपास. गंमत अशी की १ जुलै २०२५ पासून बा रिया-वुंग ताऊ प्रांत हो ची मिन्ह सिटीत विलीन झाला, म्हणजे कागदोपत्री हे तिन्ही किनारे शहरातच आहेत. दोनशे किलोमीटरवरच्या मुई नेचं नाव कोणी काढलं तर नम्रपणे नकार द्या. दोन दिवसांत तिथे बाईकने जाणं म्हणजे समुद्र कमी आणि कंबरदुखी जास्त.

आधी लायसन्सचं बघा

किनारा निवडण्याआधी हे बोलतो, कारण बहुतेक भारतीय इथेच चुकतात. आरटीओतून काढून आणलेलं आंतरराष्ट्रीय परमिट व्हिएतनाममध्ये चालत नाही. भारत ते १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली देतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. भाड्याने गाडी देणारा तुम्हाला हे विचारणार नाही, पोलिस कदाचित विचारेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नक्की विचारेल. इथे राहण्याची रीतसर कागदपत्रं असतील तर भारतीय लायसन्सवरून व्हिएतनामी लायसन्स करून घेता येतं, मात्र भारतीय लायसन्सवर दुचाकीची नोंद हवी. ज्यांनी फक्त चारचाकीचं काढलं होतं ते इथे अडकतात. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला लायसन्स लागत नाही हे खरं, पण तसली गाडी कंटेनरच्या शेजारून हायवेवर चालवायचा विचार करू नका.

दुसरी गोष्ट दारूची. इथे मर्यादा शून्य आहे. एक बिअर चालते, जेवून निघालं की उतरते, हे हिशेब २०२० पासून बंद झाले. २०२५ च्या सुरुवातीपासून सिग्नल तोडण्याचा दंडही दुचाकीला ४० ते ६० लाख डाँग आहे. शंभर रुपयांचे साधारण तीस हजार डाँग धरले तर तेरा ते वीस हजार रुपये झाले. लाल दिव्याला थांबायची सवय आपोआप लागते.

रस्ते दोन, स्वभाव दोन

माझ्या मते खरी निवड किनाऱ्यांची नाही, रस्त्यांची आहे. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे (मुंबई-पुणेसारखीच), म्हणून बाईकवाल्याकडे दोनच वाटा उरतात.

पहिली वाट हायवे ५१. बिएन होआकडून किंवा कात लायच्या फेरीबोटीने नदी ओलांडून न्योन त्राकमार्गे लाँग थानजवळ या हायवेला लागायचं आणि सरळ वुंग ताऊपर्यंत जायचं. रस्ता सपाट, सरळ आणि कंटाळवाणा. दुचाक्यांना उजवीकडची लेन आहे, पण काय मेप बंदराकडे जाणारे कंटेनर एकामागोमाग शेजारून जातात आणि प्रत्येकाच्या हवेने गाडी जरा हलते. शिवाय इथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. सायगॉनच्या गर्दीत लोकांच्या मागे मागे जाताना त्याचं काही वाटत नाही, मात्र मोकळ्या हायवेवर पेट्रोल भरून पुन्हा रस्त्याला लागताना हात आपोआप डावीकडे वळतो. दमलेलं असताना तर हमखास. पहिल्या काही खेपांना प्रत्येक थांब्यानंतर 'उजवीकडे, उजवीकडे' असं मोठ्याने म्हणून निघायचो. हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय!

या रस्त्याला एकच सुख आहे, झोळ्यांची कॉफी. कडेला पत्र्याच्या छपराखाली ओळीने झोळ्या बांधलेल्या असतात. एक बर्फाची कॉफी किंवा उसाचा रस घ्यायचा आणि तासभर पडून राहायचं, कोणी उठवत नाही. आपल्याकडे हायवेवर वडापाव मिळतो, पण वडापाव खाऊन आडवं व्हायची सोय कुठे आहे?

दुसरी वाट कान योमधून. शहराच्या दक्षिणेला न्हा बे ओलांडून बिन खानच्या धक्क्यावर यायचं. तिथून फेरीबोटीने पलीकडे गेलं की रुंग साक रस्ता सुरू होतो आणि खारफुटीतून तीस-पस्तीस किलोमीटर जातो. रस्ता चांगला रुंद, आणि दोन्ही बाजूंना हिरव्याशिवाय काही नाही. युद्धात अमेरिकी विमानांनी फवारलेल्या विषारी औषधांनी हे जंगल जवळजवळ संपलं होतं. १९७८ पासून लोकांनी हातांनी रोपं लावून ते परत उभं केलं आणि २००० साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हे माहीत नसताना मी इथून दोनदा भरधाव गेलो होतो. कळल्यावर वेग आपोआप कमी झाला.

कान योच्या टोकाला ताक सुआतचा धक्का आहे. २०२१ पासून तिथून वुंग ताऊला गाड्या नेणारी फेरी सुटते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने गेलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: खाली गाड्या, वर माणसं, अर्ध्या तासात खाडी पार. एका प्रवासात दोन फेरीबोटी आणि एक जंगल मिळतं आणि कंटेनर जवळजवळ टळतात. त्यामुळे वेळ थोडा जास्त लागला तरी माझं मत याच वाटेला. तोटा एकच. बोटीचं वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी रांगेत दोन बोटी डोळ्यांदेखत निघून जाऊ शकतात.

कान यो: पाणी बघून नाराज होऊ नका

कान योला समुद्र आहे, पण पोहण्याचा नाही. सायगॉन आणि डाँग नाय नद्यांचा गाळ इथेच येऊन पडतो, त्यामुळे पाणी मातकट आणि वाळू काळसर. फोटोंच्या आशेने गेलेला माणूस तासाभरात परततो. पण एका दिवसात जाऊन यायचं असेल, हॉटेलचा खर्च नको असेल, आणि हांग युओंग बाजारातून शिंपल्या-कोळंबी निवडून तिथेच भाजून घ्यायची असेल, तर यापेक्षा सोपं काही नाही. माकडांच्या बेटावर चष्मा, मोबाईल आणि पिशवी सांभाळा. महाबळेश्वरची माकडं यांच्यापुढे सभ्य वाटतील. पाण्यात भराव घालून मोठं शहर वसवायचं कामही २०२५ मध्ये सुरू झालं आहे, तेव्हा शांत कान यो बघायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

वुंग ताऊ: गर्दी हाच मुद्दा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेकांची निवड हीच असते आणि बहुतेक जण चुकीच्या वेळी जाऊन नावं ठेवत परत येतात.

मागचा किनारा, बाय साव, हा वुंग ताऊचा मुख्य समुद्र. सुट्टीच्या दिवशी तो जुहू आणि गणपतीपुळे एकत्र केल्यासारखा दिसतो. छत्र्या, भाड्याच्या खुर्च्या, हवा भरलेल्या ट्यूब, पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरलेल्या आज्या. पार्किंगवाला शिट्टी मारून बोलावतो आणि सीटवर खडूने आकडा लिहितो. पण या गर्दीला घड्याळ आहे. वाघाला घाबरावं तसा व्हिएतनामी माणूस उन्हाला घाबरतो. तो पहाटे पाचला पाण्यात असतो, साडेसात-आठला बाहेर, आणि पुन्हा चार वाजता येतो. भर दुपारी किनारा रिकामा असतो, पण तेव्हा तुम्हीही जाऊ नका. पाचचा गजर लावा. त्या वेळीही गर्दी असते, मात्र ती गावातल्या लोकांची असते: पोहणारे, व्यायाम करणारे, पाण्यात उभं राहून गप्पा मारणाऱ्या बायका. संध्याकाळच्या गर्दीत आपण पर्यटक असतो. पहाटेच्या गर्दीत कोणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. परदेशात राहणाऱ्याला हे किती हवं असतं, ते राहणाऱ्यालाच कळतं.

पाण्यात खालून ओढणारे प्रवाह तयार होतात, तिथे धोक्याचे झेंडे लावतात. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर ती तुमच्यासाठीच आहे असं समजा. भाषा येत नाही ही सबब लाटेला सांगता येत नाही.

समुद्राशिवाय इथे बघण्यासारखं बरंच आहे, आणि वुंग ताऊ हो त्रामच्या पुढे जातं ते त्यामुळेच. छोट्या डोंगरावर ख्रिस्ताचा ३२ मीटर उंच पुतळा आहे. त्याच्या आतून १३३ पायऱ्या चढून थेट खांद्यावर जाता येतं (खांदे झाकलेले कपडे हवेत). फ्रेंचांचं दीपगृह आहे, संध्याकाळी तिथवर बाईक नेण्याची चढण छान आहे. थांग ताम भागात कोळ्यांचं देवमाशाचं देऊळ आहे. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर इथले कोळी त्याला माणसासारखा निरोप देतात आणि हाडं देवळात ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या घरातला कोणी बरोबर असेल, तर त्याला इथे नक्की न्या.

आणि खाणं. बान खॉट म्हणजे तांदळाच्या पिठाचे, वर कोळंबी बसवलेले, तेलात कुरकुरीत झालेले छोटे गोल. करायचं भांडं बघितलं की मराठी माणूस हसतो, कारण ते आपलं आप्पेपात्रच आहे. लेट्यूस किंवा मोहरीच्या पानात गुंडाळून, फिश सॉसमध्ये बुडवून खायचं. शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. चहाशी संबंध नाही, इथे तो बिनमांसाच्या जेवणासाठी आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक चाय खातात, आपल्या एकादशीसारखं, त्यामुळे त्या दिवशी निवड जास्त मिळते. एरवी भाजीतही फिश सॉस असतो, तेव्हा विचारून घ्या.

हो त्राम: शांतता विकत मिळते

हो त्रामची वाळू स्वच्छ, माणसं कमी, आणि लाँग हायच्या पुढे डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जाणारा रस्ता तर तिन्ही सहलींतला सर्वांत सुंदर तुकडा आहे. दिवेआगर-श्रीवर्धन रस्त्यावर बाईक चालवली असेल तर ओळख पटेल. पण पोहोचल्यावर करायचं काय, हा प्रश्न आहे. मोठी रिसॉर्टं, एक कॅसिनो, आणि मधे बरंच काही नाही. संध्याकाळी सातला जेवायला जागा शोधत अंधारात फिरावं लागतं. लाटाही जोरदार. दोघांनाच जायचं असेल आणि बोलायला विषय असतील तर उत्तम. एकट्याने गेलात तर रविवारी सकाळी दहालाच परत निघावंसं वाटेल.

पैसे आणि दिवस

पेट्रोलचा खर्च किरकोळ आहे. वुंग ताऊला जाऊन-येऊन चार-पाच लिटर, म्हणजे लाखभर डाँग, साडेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर. खरा फरक खोलीत पडतो. शनिवारी भाव चढतात, आणि ३० एप्रिल, २ सप्टेंबर या सुट्ट्यांना तर विचारूच नका. बऱ्याच स्थानिक कंपन्या शनिवारी अर्धा दिवस चालतात, म्हणून लोंढा शनिवारी दुपारनंतर येतो. तुम्हाला शुक्रवारी लवकर सुटता आलं तर शुक्रवार-शनिवार मुक्काम करा. तोच समुद्र अर्ध्या गर्दीत मिळतो. मे ते नोव्हेंबरात दुपारी पाऊस धरूनच चाला. कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही, पण पडतो तेव्हा समोरचं दिसत नाही.

आई-बाबा भारतातून आले असतील तर बाईकचा विचारच सोडा. शहरातून सुटणाऱ्या नऊ सीटच्या व्हॅन दारातून नेतात. नदीतून जाणारी वेगवान बोटही आहे, दोनेक तासांत पोहोचवते, मात्र ती गाडी नेत नाही.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला वुंग ताऊच, जाताना कान योमधून. परतताना त्याच वाटेने या. हायवेने यायचं ठरवलंत तर रविवारी दुपारी बाराच्या आत निघा. चारनंतर सगळं सायगॉन त्याच रस्त्यावर असतं आणि कात लायच्या धक्क्यावर इंजिन बंद करून गाडी पायाने ढकलत पुढे न्यावी लागते. दुसऱ्या खेपेला, कोणी बरोबर असेल तर, हो त्राम.

घरी आल्यावर गाडी तशीच ठेवू नका. खाऱ्या हवेने चेन आणि नट लवकर गंजतात. गल्लीच्या तोंडाशी 'रुआ से' अशी पाटी असते, तिथे धुवून घ्या. सीटवरचा खडूचा आकडाही धुणाराच पुसून देतो.