गठ्ठे मुलंच बांधतात, पण जोडाक्षरांची घाई होते: एका प्राथमिक शाळेच्या शिकवण्याचं परीक्षण

मराठी माध्यमाच्या या शाळेत पहिलीच्या मुलांना दशकाचा तयार गठ्ठा कुणी हातात देत नाही. सुट्या काड्या मिळतात. दहा मोजायच्या, रबर लावायचं आणि मगच त्याला ‘एक दशक’ म्हणायचं. यात वेळ जातो, पण तो वसूल होतो. 52 मधून 27 वजा करताना मूल पाचांपैकी एका गठ्ठ्याचं रबर स्वतः सोडतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या. सात काढल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे काढले, दोन उरले. उत्तर 25. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसतं. नुसती उभी मांडणी पाठ केलेलं मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढतं आणि 35 लिहून मोकळं होतं.

संख्यांच्या नावांची अडचणही शाळेने नेमकी ओळखली आहे. ‘बावन्न’ ऐकताना दोन आधी कानावर पडतात, म्हणून मूल 25 लिहितं. ‘एकोणतीस’मधलं तीस ऐकून कुणी 39 लिहितं, कुणी 31. यावर पाठांतर वाढवून काही होत नाही. इथे एकावर एक बसणारी कार्डं आहेत: 50 च्या रुंद कार्डावरच्या शून्यावर 2 चं अरुंद कार्ड ठेवायचं. 502 लिहिणाऱ्या मुलाला आपली चूक त्या झाकलेल्या शून्यात सापडते.

कच्चा दुवा आहे तो काड्या आणि वहीच्या मधला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी 1960 च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन पायऱ्या मांडल्या. इथे मधली पायरी दोन दिवसांत उरकतात. मग काड्यांनी बरोबर उत्तर काढणारी मुलंच वहीत 35 लिहितात. उपाय साधा आहे. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका. एक रेघ खोडून दहा ठिपके काढायचे, आणि ते करतानाच शेजारच्या मांडणीत पाचाचे चार करायचे. अशी आठ-दहा उदाहरणं झाल्याशिवाय काड्या कपाटात ठेवू नयेत.

वाचनाची सुरुवात मात्र मनापासून आवडावी अशी. अ-आ-इ-ई च्या क्रमाने न जाता क, म, ल, र आणि काना एवढ्यावरच ‘कमल’, ‘काम’, ‘लाल’, ‘कमाल’ असे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल अर्थ असलेलं काहीतरी वाचतं. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घेतात, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. बाराखडी सुरात म्हणणाऱ्या मुलाला ‘की’ ओळखायला पुष्कळदा ‘क’पासून सुरुवात करावी लागते, तसं इथे होत नाही.

एवढ्या समजुतीने सुरुवात करणारी शाळा दुसरीत ‘र’ची चारही रूपं एकाच आठवड्यात शिकवते, हे खटकतं. ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘अर्थ’ आणि ‘ताऱ्या’ यांतला र प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. त्यात रफार सर्वांत अवघड: ‘अर्थ’मध्ये र उच्चारायचा थ च्या आधी, पण लिहायचा थ च्या डोक्यावर. म्हणून मुलं तो अ वर चढवतात. एका रूपाला किमान एक आठवडा द्यावा आणि रफार शेवटी घ्यावा.

परिसर अभ्यासाचे प्रकल्प ठीक आहेत. फक्त ‘पाणी’ हा विषय चालू आहे म्हणून गुणाकारातही थेंब घुसवायची गरज नाही.

मूल्यमापन चांगलं आहे. शिक्षक रोज पाच मुलांना जवळ बसवून एक उदाहरण करून घेतात आणि एक उतारा वाचून घेतात. तीस मुलांचा वर्ग सहा दिवसांत पूर्ण होतो. शिक्षकांच्या नोंदींच्या वहीत गुण नसतात, चूक जशीच्या तशी असते: ‘52−27=35, काड्यांनी बरोबर’. अशी नोंद असली की उद्या काय शिकवायचं ते लगेच कळतं. पण ही वही त्या शिक्षकांपाशीच राहते आणि नव्या वर्षी दुसरे वर्गशिक्षक पुन्हा पहिल्यापासून चाचपणी करतात. प्रत्येक मुलाची शेवटची नोंद तेवढी पुढच्या वर्गात पाठवली, तरी ती चाचपणी टळेल.